वंशावळीत नसलेल्या बायका

आमच्या घराण्याची वंशावळ छापील आहे. वरती मूळ पुरुष, खाली फांद्या, एकूण नऊ पिढ्या. दत्तक गेलेला मुलगा तुटक रेषेनं दाखवलाय. निपुत्रिक वारलेल्यांच्या नावापुढे फुली आहे. कोण इंदूरला गेला, कोण मुंबईला गिरणीत लागला, हेही बारीक अक्षरात आहे. बाई मात्र एकही नाही. नऊ पिढ्यांतल्या एकाही पुरुषाची आई त्या कागदावर नाही.

वंशावळी अशा का झाल्या, हे कळणं अवघड नाही. त्या कौतुकासाठी लिहिल्या जात नसत, त्या पुरावा म्हणून लागत. वतन कुणाचं, इनाम कुणाकडून कुणाकडे आलं, भाऊबंदकीत कुणाचा हिस्सा किती, हे ठरवायला त्या दाखल कराव्या लागत. १८५२च्या इनाम कमिशनपुढे कितीतरी घराण्यांनी आपापल्या वंशावळी मांडल्या त्या याच कामासाठी. त्या कामाला पुरुषांची नावं पुरत होती. पुढे विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापायची प्रथा पडली, तेव्हा काही संपादकांनी कष्टानं सुनांची माहेरं आणि लेकींची सासरं गोळा केली. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. आमच्या घराण्याला तसा संपादक मिळाला नाही.

मला बायका हव्या होत्या. बरीच वर्षं कागदांत घालवल्यावर एक गोष्ट पक्की लक्षात आली: बायका सापडतात त्या लग्नाच्या कागदांत आणि मृत्युपत्रांत. घरात सून येते तेव्हा, आणि घरातला कर्ता जातो तेव्हा. या दोन्ही वेळी देण्याघेण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि देण्याघेण्याचा प्रश्न आला की कुणाला काय द्यायचं ते नाव घालून लिहावंच लागतं.

पुढे मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. या कागदांतल्या एका माडाबागेवरून आमच्याच दोन घरांत अजून बोलणं बंद आहे, आणि ती माणसं हयात आहेत.

आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, इंग्रजी अंमल. पलीकडे सावंतवाडी संस्थान, आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे, म्हणजे पोर्तुगीज राज्य. तीन सत्ता, पण सोयरीक तिन्हीकडे. माझ्या शोधातली निम्मी अडचण इथूनच आली, आणि निम्मं यशही.

सुरुवातीची अडचण लिपीची होती. घरातल्या पत्र्याच्या पेटीतले कागद मोडीत. मोडी १९५०च्या सुमारास शाळांतून गेली, त्यामुळे माझ्या वडिलांच्या पिढीलाच ती धड येत नव्हती. मी वर्ग लावून शिकले. अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येतात. हात ओळखू यायला मात्र फार वेळ लागतो. प्रत्येक कारकुनाची वळणं वेगळी. मग सनांचा गुंता. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, फसलीत पाचशे नव्वद, सुहूर सनात पाचशे नव्व्याण्णव, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात कागद झाला त्याप्रमाणे एखादं वर्ष पुढे. माणसाची ओळख त्या कागदांत ठरलेल्या तऱ्हेनं येते. पुरुषाचं नाव, मग ‘बिन’, मग बापाचं नाव. बाईचं नाव, मग ‘कोम’, मग नवऱ्याचं नाव. बाईचा बाप कुठेच येत नाही. त्यातून लग्नात नाव बदललेलं. म्हणजे जन्माला आलेली मुलगी एक आणि कागदातली सून दुसरी, आणि दोघींना जोडणारा धागा त्या कागदात नसतोच.

पेटीतला सगळ्यात जुना बाईचा कागद शके १८०४चा, म्हणजे १८८२-८३चा निघाला. वंशावळीत ज्याच्यापुढे फुली आहे अशा एकाच्या विधवेनं दिरांना लिहून दिलेला. तिला दरसाल पाच मण भात, दोन लुगडी आणि राहायला मागची ओवरी. बदल्यात तिचा घराच्या मिळकतीशी संबंध उरणार नाही. खाली दिरांच्या सह्या आहेत. तिच्या नावापाशी एक गोल काढलाय आणि शेजारी लिहिलंय, निशाणी बांगडी. जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी नांगर असे आणि बाईची बांगडी, हे मला वाचून ठाऊक होतं. तरी तो गोल बघताना मी थांबले. गोल नीट जुळलेला नाही. टोक सुरुवातीपाशी येता येता खाली घसरलंय, आणि तिथे शाईचा ठिपका पडलाय. बोरू हातात धरायची तिची ती बहुधा पहिली वेळ असेल. विधवेच्या हातात बांगडी नसते. तिनं स्वतः काढलेली ती एकच गोष्ट आज जगात उरली आहे, आणि तीही तिच्या मनगटावर नसलेल्या बांगडीची खूण आहे.

आता लग्नाच्या कागदांकडे येते. आपल्याकडे लग्नाची सरकारी नोंद फार उशिरा आली. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३चा. सगळ्यांना सक्ती करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९८चा. त्याआधीचं हिंदू लग्न अग्नी आणि गणगोतांच्या साक्षीनं लागायचं, आणि कागद उरायचे ते खर्चाचे. पेशवाईच्या हिशेबांत लग्नटक्का आहे, म्हणजे लग्नावरची सरकारी पट्टी. पाटदाम आहे, म्हणजे पाट लावल्यावर, विधवेचं दुसरं लग्न झाल्यावर, द्यायचा कर. ज्या जातींत विधवा पाट लावत, तिथल्या अभ्यासकाला हा पाटदाम फार मोलाचा, कारण पहिल्या लग्नापेक्षा दुसऱ्या लग्नाचीच नोंद कधीकधी हाती लागते. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यांतली फार थोडी पानं आजवर कुणी वाचली असतील. घरोघरच्या पेट्यांत मात्र तीन प्रकारचे कागद मिळू शकतात. सोयरीक ठरल्यावर दोन्ही बाजूंनी केलेली याद, खर्चाची वही, आणि आहेराची वही.

लोक यादीला फार जपतात, कारण तिच्यात हुंडा, दागिने, मानपान असतात. माझं मत विचाराल तर खरा ऐवज आहेराच्या वहीत असतो. आमच्याकडे माझ्या आजीच्या लग्नाची वही आहे, फाल्गुन शके १८५१ची. लाल कापडाची बांधणी, वर कुंकवाचं बोट. आत ओळीनं नाव, गाव, आणि काय दिलं ते. खण. लुगडं. रोख सव्वा रुपया. तांब्याचा तांब्या. पुढे एका पानावर व्याही मंडळींचे आहेर, आणि त्यांत एका ओळीत नुसतं ‘मुलीचा मामा’ असं लिहून गाव दिलंय. त्या ओळीनं माझं काम सोपं केलं. मुलीचा मामा म्हणजे मुलीच्या आईचा भाऊ. त्याचं गाव म्हणजे मुलीच्या आईचं माहेर. आजीच्याही मागची एक बाई, जिच्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तिचं गाव मला एका खणाच्या नोंदीत मिळालं.

त्या वहीनं आणखी एक प्रश्न उभा केला. लग्न एवढ्या घाईत का झालं? घरचं भात विकून पैसे उभे केल्याची नोंद आहे, मांडव उसना, आणि मुलाच्या सख्ख्या काकांना मुंबईहून पोचायलाही उसंत मिळाली नव्हती. त्यांचा आहेर मागाहून मनिऑर्डरनं आलेला. फाल्गुन शके १८५१ म्हणजे १९३० सालचा मार्च. आणि १ एप्रिल १९३० पासून सारडा कायदा लागू व्हायचा होता. मुलगी चौदाच्या आत असेल तर लग्न लावणाऱ्याला शिक्षा. कायदा १९२९ मध्ये झाला आणि लागू व्हायच्या आधीच्या महिन्यांत देशभर मुलींची लग्नं उरकून घेतली गेली, हे इतिहासात वाचलं होतं. आपल्या घरातल्या भाताच्या विक्रीवर त्याची सावली पडली असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. पण आजीचं वय किती होतं? तिलाच ते माहीत नव्हतं. ती म्हणायची, न्हाण यायच्या आधी लग्न झालं, एवढंच.

ते उत्तर खाडीपलीकडे होतं. १९१०च्या क्रांतीनंतर पोर्तुगालनं जन्म, लग्न, मृत्यू यांची नागरी नोंदणी सक्तीची केली आणि त्या दशकात ती गोव्यातही आली, हिंदूंसकट सगळ्यांना. चर्चच्या वह्या त्याहून कितीतरी जुन्या. लग्नाची नोंद पाद्रीनं ठेवायचीच, असं ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये ठरवलं, त्यामुळे गोव्यातल्या आणि वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना आपली पाळंमुळं शोधायला जी सोय आहे ती आपल्याला नाही. गोव्याचं दप्तरखाना सांभाळण्याचं शहाणपणही जुनं. दियोगु दु कोतु हा इतिहासकार १५९५ मध्ये तिथला पहिला दप्तरदार नेमला गेला. पेडणे मात्र पोर्तुगीजांकडे गेलं अठराव्या शतकाच्या शेवटी, त्यामुळे आमच्या कामाचं जे काही होतं ते विसाव्या शतकातलंच.

पोर्तुगीज मला येत नाही. पेडण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी मदत केली. लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेली ही शेवटची पिढी, आणि ती आता ऐंशीच्या पुढे आहे. नावं ओळखणं हेच एक काम होतं. ‘श’साठी पोर्तुगीज कारकून एक्स लिहितो, ‘क’साठी सी आणि क्यू, ‘नाईक’ वेगळ्याच स्पेलिंगात उभे राहतात. आम्ही घरात सांगितलं जाणारं आजीचं माहेरचं नाव शोधत होतो. मामाचं गाव हाताशी असल्यामुळे खात्री पटली.

ती नोंद माझ्यासमोर ठेवली तेव्हा सरांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. मुलीचं नाव. बापाचं नाव, धंदा, गाव. आईचं नाव, गाव. मग बापाचे आईबाप, दोघांची नावं. मग आईचे आईबाप, दोघांची नावं. पोर्तुगीज नोंदणीत मुलाचे चारही आजीआजोबा लिहायचा नियम आहे. एका पानावर आजी, तिची आई, तिच्या दोन्ही आज्या. आमच्या छापील वंशावळीच्या नऊ पिढ्यांत जेवढ्या बायका नव्हत्या तेवढ्या त्या एका पानावर होत्या. जन्म ऑक्टोबर १९१७चा. म्हणजे लग्नात तिला साडेबारा वर्षं होती, आणि कायदा तीन-चार आठवड्यांवर आला होता. दोन राज्यांतले, दोन भाषांतले, दोन कारणांसाठी लिहिलेले कागद एकमेकांशी तंतोतंत जुळले. मला तिथे रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

वसाहतीच्या सरकारांबद्दल मला माया नाही. पण या एका बाबतीत त्यांचा साचा आपल्यापेक्षा न्याय्य होता, हे मान्य करायला हवं. मिळकतीचंही तसंच. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि बदल होत होत तिचा गाभा आजही आहे. वारसांमध्ये मुलगा-मुलगी हा भेद नाही, नवराबायकोची मिळकत समाईक धरतात, आणि घरात मुलंबाळं असतील तर मृत्युपत्रानं फक्त अर्ध्याचीच व्यवस्था लावता येते, उरलेलं अर्धं त्यांचं राखीव. त्यामुळे वाटपाच्या कागदांत मुलींची नावं आपोआप येतात. खाडीच्या अलीकडे मुलींना पूर्ण वारस व्हायला १९५६ उजाडावं लागलं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५.

अलीकडच्या, म्हणजे इंग्रजी हद्दीतल्या बायका शोधायला मला मृत्युपत्रांनी हात दिला. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखी स्वरूप आणि साक्षीदार लागत, ते १८७०च्या हिंदू विल्स ॲक्टपासून. बाहेर मुलखात मात्र १९२७ सालापर्यंत तोंडी सांगितलेलंही चालायचं, म्हणून त्याआधीचे कागद विरळ. त्यानंतर वाढतात. नोंदवलेलं मृत्युपत्र दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरवलेलं असतं. करणारा हयात आहे तोवर त्याच्याखेरीज कुणाला नक्कल मिळत नाही. तो वारल्यावर, मृत्यूचा दाखला जोडून, कुणीही अर्ज करू शकतं. लोकांना हे ठाऊक नसतं. लोक इंडेक्स टू काढतात, सातबारा काढतात, आणि आपल्या पणजोबांनी अखेरीस घरातल्या कुणाकुणाची आठवण काढली होती, हे विचारायला कुणी जात नाही.

थोरामोठ्यांची मृत्युपत्रं आपण वाचतो. महात्मा फुल्यांचं १८८७चं मृत्युपत्र प्रसिद्ध आहे. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, ही त्यांची इच्छा त्यात आहे. रखमाबाईंच्या खटल्यातही मुळाशी मिळकतीचा एक कागद होता. त्यांची आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाली, पुढे तिनं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. १८५६च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पहिल्या नवऱ्याची मिळकत सोडण्याच्या अटीवर. म्हणून जयंतीबाईंनी ती आधीच लहानग्या रखमेच्या नावे केली. पुढे नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी दावा लावला तेव्हा या मिळकतीवर डोळा असल्याचा आरोप झाला. रखमाबाईंबद्दल आपल्याला इतकं ठाऊक आहे ते त्या कोर्टात उभ्या राहिल्या म्हणून. कोर्टाची पायरी न चढलेल्या बाईला मृत्युपत्राचाच आधार.

माझ्या पणजोबांचं मृत्युपत्र १९३४चं. भाषा कचेरीची, बालबोध अक्षर, शेवटी डाव्या अंगठ्याचा ठसा, कारण तेव्हा त्यांचा हात चालत नव्हता. घर, जमीन, बागायत मुलग्यांना. दोघी लेकींना चोळी-बांगडीसाठी एकेका शेताचं उत्पन्न. बायकोला हयातीपर्यंत सगळ्या घराचा उपभोग. इथवर ठरलेलं. मग एक मोठा परिच्छेद येतो, बायकोच्या परिच्छेदाहून मोठा, आणि तो त्यांच्या बहिणीबद्दल आहे.

तिचा नवरा मुंबईत नोकरीला होता, तो प्लेगात गेला. ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून याच घरात आहे. तिनं घरातली सगळी बाळंतपणं काढली, असं पणजोबा लिहितात. मृत्युपत्रात अशी वाक्यं लिहायची गरज नसते. त्यांनी ती लिहवून घेतली. तिला माजघरामागची खोली मरेपर्यंत. ती खोली कुणी अडगळीसाठी वापरू नये. विहिरीकडच्या दोन माडांचं उत्पन्न तिचं, त्याचा हिशेब तिला कुणी विचारू नये. वर्षाला दोन लुगडी, आणि थंडीसाठी एक घोंगडी. तिची काशीयात्रेची इच्छा राहून गेली आहे, मुलग्यांनी जमल्यास ती पुरवावी. आणि तिचे दिवस मुलग्यांनी आईचे करावेत तसे करावेत.

मी हे सगळं मोठ्या काकीला वाचून दाखवलं. काकी नव्वदीला टेकली आहे आणि गावच्या घरात तीच राहते. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “ती आत्तेची खोली म्हणतंव आमी, पन आत्ते खयची ता म्हायत नाय.” माजघरामागच्या त्या खोलीला आमच्या घरात सगळेच आत्तेची खोली म्हणतात. मीही लहानपणापासून म्हणत आले. कुठल्या आत्तेची, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तीस-चाळीस वर्षं ती बाई तिथे राहिली, आमच्या आजोबांना तिनं स्वतःच्या हातांनी या जगात आणलं, आणि दोन पिढ्यांत तिचं नाव गेलं. मला याचा राग येतो. कागदांपेक्षा आपल्या माणसांचाच जास्त येतो, कारण कागदानं तरी तिला राखलं होतं.

गावच्या नोंदींतून मी पुढे गेले. वारस नोंदवही म्हणजे सहा क, जन्ममृत्यूची गाव नमुना १४, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठीच्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे या वह्यांना अचानक मागणी आली. न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं कितीतरी ठिकाणी गासड्या सुटल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना काम मिळालं. माझी एकच विनंती राहते: पणजोबांची जात शोधायला पान उघडलंच आहे, तर शेजारच्या ओळीतलं पणजीचं नावही उतरवून घ्या. ते पान पुन्हा कधी उघडेल, ते सांगता येत नाही. मी पाहिलेल्या एका कचेरीत वाळवीनं अर्धी वही खाल्लेली होती आणि उरलेली अर्धी हातात घेताच पापुद्र्यांसारखी सुटत होती. सरकारी कागदांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. फार चांगलं झालं. पुढच्यांना सोपं जाईल. मागच्यांसाठी मात्र आपल्यालाच बसावं लागणार.

आत्तेच्या मृत्यूची नोंद मिळाली, १९४१ची. वय साठीच्या पुढचं, कारण ताप. काशीला ती गेली की नाही, त्याचा कागद नाही. शके १८०४च्या कागदातल्या बांगडीवाल्या विधवेचं माहेर अजून लागलेलं नाही; तिच्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहायच्या आहेत. तिथे यात्रेला आलेल्या कुटुंबातल्या बायकांची नावं पुष्कळदा लिहिलेली असतात, आणि आमच्या तालुक्याचे उपाध्ये कोण, हे कळलंय.

आत्तेचं सासर सावंतवाडी संस्थानातलं, आरोंद्याच्या बाजूचं. मृत्युपत्रात तिच्या नवऱ्याचं नाव आणि गाव आहे, पण तिचं लग्न कधी झालं ते कुठेच नाही. माझा अंदाज १८८५ ते १८९२च्या दरम्यानचा. आरोंदा, सातार्डे, किनळे या पट्ट्यात कुणाच्या घरी त्या काळातली आहेराची किंवा खर्चाची वही असेल, तर कृपया मला कळवा. फोटो पाठवलात तरी चालेल. मोडी असेल तर मी वाचीन, आणि तुमच्या घरातल्या बायकांची नावं वेगळ्या कागदावर उतरवून तुम्हाला देईन.